जंगलाचें माप आणि रस्त्याचें ओझें



देवळाली कॅम्पांतील माणसाला ओझ्याचा विचार नवा नाहीं. आमच्या गांवावरून जाणारा लोहमार्ग कसाऱ्याहून इगतपुरीस चढतो, तो थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ. तेथें किती डबे आणि किती एंजिनें, हा हिशेब आधीं होतो व मग गाडी हलते. मागून जोर देण्यास जादा एंजिनें लावावीं लागतात. जंगलांतून लांकूड आणणाऱ्या आमच्या वाटांनीं मात्र असा हिशेब फार उशिरां केला, आणि तो अजून पुरता झालेला नाहीं. तोच आजचा विषय आहे.

पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूंचा साग, ऐन आणि बांबू पूर्वीं बैलगाडीनें घाट ओलांडी. मुंबईच्या गोदीस जहाजांसाठीं साग हवा, म्हणून कंपनी सरकारनें १८४२ सालीं सुरगाण्यास लागून असलेल्या, आज गुजरातेंत गेलेल्या, डांगच्या भिल्ल राजांकडून लांकूडतोडीचा मक्ता घेतला. १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे संरक्षक झाले. पुढें लोहमार्गास स्लीपर हवे झाले. १८७८ व १९२७ सालीं जंगलाचे कायदे आले. या साऱ्यांचें लक्ष झाड कोणी तोडलें, किती तोडलें आणि सरकारचा महसूल बुडाला कीं काय, इकडे होतें. गाडींत भार किती, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. बैल हाच तेथें कायदा होता. चढावर बैल बसला कीं गाडीवान निमूटपणें दोन ओंडके उतरवी.

मालमोटार आली आणि ही नैसर्गिक मर्यादा नाहींशी झाली. एंजिन बैलासारखें बसत नाहीं. तें जादा ओझें ओढतें आणि त्याची किंमत रस्ता, पूल व उतारावरचे ब्रेक देतात. म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें नोंदलेल्या वजनाहून अधिक भार घालण्यास बंदी केली. १९८८ च्या कायद्यांतही ती कायम आहे. दोन आंसांच्या मालमोटारीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेनें १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली.

कायदा आहे, मग अडचण कोठें? अडचण अशी कीं, जंगलाचें माप एक आणि रस्त्याचें दुसरें. इमारती लांकडाच्या वाहतूक-पासावर जात, नग आणि घनमाप लिहिलेलें असतें. ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो. नाक्यावरचा रखवालदार नग मोजतो, शिक्का पाहतो आणि आडकाठी उचलतो. परंतु वाळलेल्या सागाचा एक घनमीटर सुमारें साडेसहाशें किलो भरतो, ऐनाचा त्याहून बराच अधिक. आणि नुकत्याच तोडलेल्या लांकडांत पाण्याचा भार निराळाच. ब्रह्मदेशांत उभ्या सागाच्या बुंध्याभोंवतीं खांच पाडून तो दोन-तीन वर्षें जागींच वाळूं देत, कारण ओला साग नदींत तरंगत नसे. नदीनें जो फरक ओळखला, तो आमच्या नाक्यानें ओळखला नाहीं.

दुसरी अडचण वजनकाट्याची. संशय आल्यास अधिकारी गाडी काट्यावर नेण्यास सांगूं शकतो. मात्र १९८८ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमाप्रमाणें तो काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरांच्या आंत, किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरांच्या आंत असावा लागतो. काटे उभे राहतात ते कारखान्यांजवळ आणि बाजारपेठांजवळ. रानाच्या तोंडाशीं नव्हे.

कोणी म्हणेल, दोन टनांनीं असें काय बिघडतें? १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी चालवून याची परीक्षा झाली. रस्त्याची झीज आंसावरील भाराच्या सुमारें चौथ्या घातानें वाढते, असें तींत दिसून आलें. भार दुप्पट तर झीज सोळापट. भार सव्वापट, तरी झीज जवळजवळ अडीचपट! सव्वापट भाडें ठेकेदाराच्या खिशांत जातें. अडीचपट झीज मात्र त्याच वाटेनें बाजाराला, दवाखान्याला आणि शाळेला जाणाऱ्या पाड्यांच्या पदरीं पडते.

उपाय फार मोठे नाहींत. त्याच कायद्याचें ११५ वें कलम एखाद्या रस्त्यापुरता वा पुलापुरता निराळा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला देतें. पावसाळ्यांत घाटवाटांवर त्याचा उपयोग व्हावा. आणि पासावर घनमापाशेजारीं, लांकडाच्या जातीप्रमाणें व ओल्या-सुक्याप्रमाणें, अंदाजी वजनाचा एक रकाना असावा. घनमापास दर घनमीटराच्या वजनानें गुणावयाचें, एवढेंच तें गणित आहे. बैल मुका होता, तरी बसून सांगत असे. एंजिन सांगत नाहीं. म्हणून तें कागदानें सांगितलें पाहिजे.