तिवराचा पतंग

झाडाचा कोंवळा शेंडा म्हणजे त्याची पुढची वाढ. यूरोपांत पाइन वृक्षाच्या शेंड्यांत एका पतंगाची अळी शिरते आणि तो आंतून पोखरते. झाड बहुधा मरत नाहीं. पण खोड वांकडें होऊन लांकडाचें मोल जातें. हा पतंग १९१४ मध्यें अमेरिकेंत व १९८५ मध्यें चिली देशांत आढळला.

आमच्या वडाळ्यास पाइनचीं वनें नाहींत. खाडीच्या चिखलांत तिवराचीं झाडें आहेत. त्यांच्यावर येणारा पतंग मूळचा प्रसिद्ध आहे तो सागाचा शत्रु म्हणून. त्याचें शास्त्रीय नांव ‘हायब्लिया प्युएरा’. डच व्यापारी पीटर क्रामर यांच्या ग्रंथांत तें १७७७ सालीं आलें. पुढें १८८३ मध्यें मुंबईंत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, आणि १८९२ ते १८९६ या काळांत हिंदुस्थानांतील पतंगांविषयींचे चार खंड निघाले. येथवर झालें तें नामकरण व वर्णन. नुकसानीचा नेमका हिशेब पुष्कळ उशिरां झाला. केरळांतील निलंबूर येथें कोंवळ्या सागवनांत या अळीमुळें लांकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनीं घटते, असें १९८५ मध्यें दाखविण्यांत आलें. तरीही साग मरत नाहीं. तो पुन्हां पालवतो.

तिवराचेंही तसेंच. पावसाळा सरतां सरतां मुंबईच्या खाडीकांठीं या अळ्यांची धाड पडते. पानाची कड दुमडून अळी आंत राहते, पान कुरतडते आणि सुमारें दोन आठवड्यांत कोशांत जाते. हिरवें रान करपल्यासारखें दिसूं लागतें. पाहणारा हळहळतो आणि औषध फवारा म्हणतो. परंतु तें विष भरतीच्या पाण्याबरोबर मासळी व खेकड्यांपर्यंत जाईल. पक्षी, परोपजीवी कीटक व विषाणु हे अळीचे शत्रु निसर्गांत आहेतच. कांहीं आठवड्यांत नवी पालवी फुटते.

खरें भय निराळें आहे. मेल्यासारख्या दिसणाऱ्या रानावर भराव टाकावयास निमित्त सहज सांपडतें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें तिवरांच्या तोडीस व भरावास मनाई केली. २०१२ मध्यें राज्य सरकारनें कांदळवन कक्ष स्थापिला. तेव्हां उघड्या फांद्या दिसल्या, तर निदान महिनाभर वाट पाहावी. अळीनें खाल्लेलें पान झाड पुन्हां आणतें. भरावाखालीं गुदमरलेलें मूळ मात्र त्याला परत आणतां येत नाहीं.