उरलेल्या अन्नाचा कायदा : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

अन्नाच्या नासाडीविरुद्ध बोलायला आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पानात टाकू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. त्यामुळेच या विषयात नव्याने येणारा माणूस बहुधा चुकीच्या दाराने आत शिरतो. आजी पंगतीत जे दटावून सांगायची तेच कायद्याने सांगावे, अशी त्याची अपेक्षा असते. कायद्याचे प्रश्न याहून रुक्ष असतात. उरलेला माल कुणाच्या मालकीचा? तो फेकण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? दिलेले अन्न खाऊन कुणाला बाधा झाली तर जबाबदार कोण? आणि ते नेणाऱ्या टेम्पोचे भाडे कोण देणार? ज्या मोहिमांच्या हाती काही लागले, त्यांनी यातला एखादा प्रश्न नेमका हेरला होता. उरलेल्यांची भाषणे झाली.

या संग्रहात फ्रान्सला इतकी पाने का, असे कुणी विचारील. एक तर तिथली हकीकत नाट्यमय आहे. दुसरे म्हणजे ती सर्वत्र चुकीची सांगितली जाते. पॅरिसलगतच्या कूर्बव्हा शहरातले नगरसेवक आराश दरांबार्श यांनी सुपरमार्केटमधला उरलेला माल गोळा करून वाटायला सुरुवात केली आणि सरकारकडे मागणी करणारी सह्यांची मोहीम काढली. सह्या २ लाखांवर गेल्या. लोकांना सर्वात जास्त झोंबली ती दुकानांच्या मागच्या बाजूची रीत. रात्री दुकान बंद झाल्यावर मुदत संपत आलेले दही, पाव, भाज्या कचराकुंडीत जायच्या, आणि कुणी त्या उचलून खाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी वर ब्लीच ओतले जायचे. ज्या देशात पीक काढून झाल्यावर शेतातला सरवा वेचण्याचा गरिबांचा हक्क १५५४ च्या राजाज्ञेने मान्य केला होता, तिथे हे चालले होते.

माजी मंत्री गीयोम गारो यांनी एप्रिल २०१५ मध्ये सरकारला अहवाल दिला. मे महिन्यात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने नासाडीविरोधी तरतूद एकमताने मंजूर केली. ती ऊर्जाविषयक विधेयकाला जोडलेली होती. ऑगस्टमध्ये घटना परिषदेने प्रक्रियेच्या कारणावरून ती काढून टाकली. दुसरे कुणी असते तर तिथेच थांबले असते. गारोंनी स्वतंत्र विधेयक आणले आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी कायदा झाला.

या कायद्याने अन्नदान सक्तीचे केले, असे वर्तमानपत्रांनी जगभर छापले. मूळ कलमे मात्र वेगळे सांगतात. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाने एखाद्या सेवाभावी संस्थेपुढे माल देण्याच्या कराराचा प्रस्ताव ठेवायचा, आणि खाण्याजोगे अन्न मुद्दाम नासवायचे नाही. नासवल्यास तेव्हा ३,७५० युरो दंड होता. किती माल द्यायचा, हे कायदा सांगत नाही. वर्षाला एक क्रेट देऊनही करार पाळता येतो. दुकाने मनापासून देऊ लागली ती आणखी एका जुन्या तरतुदीमुळे: दिलेल्या मालाच्या किमतीच्या ६० टक्के इतकी रक्कम करातून वळती होते. मला विचाराल तर ब्लीचवरची बंदी हा या कायद्याचा आत्मा आहे आणि करसवलत हे त्याचे इंजिन. दानाची सक्ती ही दंतकथा.

संस्थांची तक्रारही इथे नोंदवली पाहिजे. मऊ पडलेली केळी आणि आज रात्री मुदत संपणारे दुधाचे डबे दारात आले की निवडणारे हात लागतात, शीतगृह लागते, गाडी लागते. नाहीतर दुकानाचा कचरा संस्थेच्या पत्त्यावर जातो एवढेच. शिवाय कायदा झाला त्याच वर्षी फ्रान्सच्या पर्यावरण संस्थेने काढलेल्या हिशेबात एकूण नासाडीतला दुकानांचा वाटा १४ टक्केच निघाला. शेतीचा साधारण एक तृतीयांश होता, आणि घरे व उपाहारगृहे यांचा मिळून तेवढाच.

इटलीने त्याच वर्षी उलटा रस्ता धरला. दंडाची भाषा न करता दानाची कागदपत्रे सोपी केली. अमेरिकेने तर १९९६ मध्येच, बिल इमर्सन या दिवंगत खासदाराच्या नावाच्या कायद्याने, सद्भावनेने अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले होते. घरांपर्यंत पोहोचला तो दक्षिण कोरिया. तिथे २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून वजनावर पैसे सुरू झाले. इमारतीखालच्या यंत्राला कार्ड लावले की झाकण उघडते, आतला काटा वजन घेतो, आणि आकार घराच्या नावावर चढतो. वाया जाणाऱ्या अन्नापैकी ६० टक्के घरांत वाया जाते, हा संयुक्त राष्ट्रांचा २०२२ सालचा जागतिक अंदाज लक्षात घेतला की हा कंटाळवाणा काटा किती महत्त्वाचा ते कळते.

आपल्याकडे या विषयाची चर्चा सुरू झाली की गाडी लग्नाच्या जेवणावळींवर येऊन थांबते. १९६० च्या दशकातल्या टंचाईत पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले होते, त्याची आठवण जुनी मंडळी काढतात. पण भारतातला या विषयावरचा सर्वात मोठा कायदेशीर लढा ताटावरून झालाच नाही. तो गोदामांवरून झाला. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी कोठारांत धान्य सडत होते. ऑगस्ट २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले, सडू देण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा. ते जमणार नाही, असे तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार म्हणाले. त्यांनी ती केवळ सूचना मानली, तर न्यायालयाने ऑगस्टअखेर बजावले की हा आदेश आहे. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा याच वाटेवर पुढे आला. या इतिहासाला नासाडीच्या अभ्यासात सहसा जागा मिळत नाही. या संग्रहात ती मुद्दाम दिली आहे.

उरलेल्या शिजवलेल्या अन्नासाठी २०१९ चे केंद्रीय नियम आहेत. अन्न वेगळे कसे ठेवावे, नोंद कशी करावी, हे ते सांगतात. द्यायलाच हवे, असे सांगत नाहीत. अमेरिकेसारखा देणाऱ्याला निर्धास्त करणारा कायदा आपल्या संसदेने अजून केलेला नाही. आणि भाव पडल्यावर नाशिक-नारायणगावकडे रस्त्यावर ओतला जाणारा टोमॅटो यापैकी कुठल्याच चौकटीत बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वरच्या अंदाजातही तो नसतो, कारण त्यात दुकान, हॉटेल आणि घर एवढेच मोजतात. आपल्याकडचा पुढचा मसुदा लिहायचा असेल तर तो बाजार समितीच्या आवारातून सुरू व्हावा, असे माझे मत आहे. काही सहलेखकांना ते मान्य नाही. त्यांचे लेखही इथे आहेत.

लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. विनंती एकच: परिशिष्टातली कायद्यांची मूळ कलमे आधी वाचा, आणि त्यांच्यावरचे आमचे भाष्य नंतर.