झिजलेल्या खाचेत काय उरतं?

आपल्या धंद्यात एक दुःस्वप्न सगळ्यांनाच पडतं. सोर्स कोड गेला, बॅकअप गेला आणि उरल्या फक्त गिऱ्हाइकांकडे पडलेल्या, अर्ध्यामुर्ध्या करप्ट कॉप्या. मंडळी, मराठी गाण्याच्या बाबतीत हे खरोखर घडलेलं आहे.

१९३५ साली मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू झाली. तिच्या रेकॉर्डींवर लेबल असायचं 'यंग इंडिया'. एचएमव्ही म्हणजे तेव्हाचं मोठं घर, तिथे नवख्याला कोण विचारतो? मग हौशी आणि होतकरू मंडळी इकडे वळायची. १९५५ मध्ये कंपनी बंद पडली, पण त्या वीस वर्षांत सुमारे दहा हजार गाणी, पदं, भाषणं वगैरे ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर निघाली होती. कंपनीबरोबर मास्टरही गेले. पुन्हा छापायचं म्हटलं तर छापणार कशावरून? आता जे काही उरलंय ते लोकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या बाजारात.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने, विशेषतः टीआयएफआरमधले सुरेश चांदवणकर यांनी, ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून या लेबलच्या रेकॉर्डी जमवून डिजिटाइझ केल्या. माझ्या मते आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासातलं हे फार मोलाचं काम आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आता माझा संबंध. आमचं मूळ घर जवळा बाजारचं, परभणी-हिंगोली रस्त्यावरचं, औंढा नागनाथ तालुक्यातलं. १९४८ पर्यंत हा सगळा निजामाचा मुलूख. आमच्या घरात वीज यायच्या कितीतरी आधी चावीचा बाजा आला होता. आजोबांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी आता पुण्यात माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या चार 'यंग इंडिया'च्या आहेत. गेले कित्येक शनिवार-रविवार मी त्यांच्यावरच घालवलेत. (बायकोच्या मते, वाया घालवलेत.)

रेकॉर्ड झिजते कशी, हे आधी बघायला हवं. लाखेत दगडाची भुकटी मिसळून ही तबकडी बनवायचे. भुकटी मुद्दाम घातलेली असायची, कारण पोलादी सुईनं पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराचं व्हावं अशी योजना होती. म्हणूनच सुया शेकड्यानं डबीत मिळायच्या आणि एक बाजू वाजवली की सुई फेकायची असा नियम होता. आता मला सांगा, आठवडी बाजाराच्या गावात दर बाजूला नवी सुई कोण घालणार? आमचे आजोबा सुई दगडावर घासून परत लावायचे, असं आत्या सांगते. त्यात चावीच्या बाज्याच्या साउंडबॉक्सचं वजन खाचेवर शंभर ग्रॅमच्या वर. आजची ७८ साठीची कार्ट्रिज तीन ते पाच ग्रॅमवर चालते. थोडक्यात काय, आवडतं गाणं जितकं जास्त वाजलं तितकं ते जास्त मेलं. ट्रंकेत जी रेकॉर्ड नव्यासारखी दिसते ती बहुधा कुणाला न आवडलेली असते!

पण खाच पूर्ण मरत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. खाचेचा छेद घेतला तर तो व्ही आकाराचा दिसतो. ७८ च्या खाचेची वरची रुंदी साधारण १५० मायक्रॉन, म्हणजे एलपीच्या खाचेच्या दुप्पट-तिप्पट. जुनी पोलादी सुई तिच्या भिंतींना एका ठराविक उंचीवर घासून गेली. त्याच्या वर किंवा खाली भिंत अजून शाबूत असू शकते. ७८ ची सुई साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची असते. ती जरा बारीक घेतली तर खाली बसते, जरा जाड घेतली तर वर. फार बारीक घेऊन मात्र उपयोग नाही. एलपीची १८ मायक्रॉनची सुई थेट तळाला टेकते आणि तिथला सत्तर वर्षांचा कचरा मनापासून ऐकवते. म्हणून जाणकार संग्राहक सुयांचा अख्खा संच बाळगतात, आणि त्यात टोक कापलेल्या सुया असतात. टोक कापलेलं असलं की तळाला स्पर्श होत नाही.

कुठली सुई बरोबर, हे ठरवायचं कसं? कानानं, हे एक उत्तर. पण आपण इंजिनियर लोक, आपल्याला आकडा लागतो. या रेकॉर्डी मोनो आहेत, म्हणजे सुई फक्त आडवी हलते. वाचायला स्टिरिओ कार्ट्रिज लावली की खाचेची डावी आणि उजवी भिंत वेगवेगळ्या वाहिनीत येते. दोन्हींची बेरीज केली की गाणं मिळतं. आणि एकातून दुसरी वजा केली की? आदर्श परिस्थितीत गाणं शून्य व्हायला हवं आणि उरायला हवी फक्त खरखर. त्या वजाबाकीत गाणं जेवढं ऐकू येतं तेवढी काहीतरी गडबड आहे. कार्ट्रिज किंचित कललेली असेल, दोन वाहिन्यांचा जोर वेगळा असेल किंवा एक भिंत दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असेल. म्हणून मी आधी जोर सारखा करतो, मग वजाबाकी ऐकत कार्ट्रिज केसाएवढी फिरवतो आणि गायकाचा आवाज कमीत कमी उरला की थांबतो. त्यानंतर सुया बदलून तोच तुकडा पुन्हा वाजवतो. कधीकधी बेरीज न करता चांगली भिंतच तेवढी घेतलेली बरी पडते.

हे झालं खाचेपुरतं. पुढे इक्वलायझेशन. आरआयएएचा प्रमाणित वक्र आला १९५४ मध्ये आणि तो एलपीच्या जमान्यासाठी. आजच्या फोनो प्रीअँपमध्ये तोच बसवलेला असतो, आणि तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल काटतो. १९४० ची रेकॉर्ड त्यातून वाजवली की बाई नाकातोंडावर रुमाल धरून गातायत असं वाटतं. मग आपण म्हणणार, "त्या काळी आवाज असेच असायचे." नाही हो! आवाज तसे नव्हते, तुमचा फिल्टर तसा आहे.

वेगाचंही तसंच. तबकडीचा वेग तपासायला पट्ट्यांची चकती असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे झालं ७८. फक्त वीज ५० हर्ट्झ हवी ना! २००२ मध्ये वीज-देवाणघेवाणीची नवी दरपद्धत येईपर्यंत पश्चिम ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९ च्या खाली सर्रास उतरायची, कधी ४८ च्या आसपास. ४८ ला तीच चकती स्थिर दिसते, पण वेग असतो ७४.८. गाणं अर्ध्या सुराच्या जवळजवळ पाऊण भागानं उतरलेलं, आणि चकती म्हणते सगळं ठीक आहे. त्या काळात कुणी चकती बघून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या जुन्या गाण्यांवरून एखाद्या गायकाची पट्टी सांगत असेल तर मी तरी जपून ऐकेन.

मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो मधल्या भोकानं. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी आतल्या खाचांत, केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, सूर दर फेरीला ०.८ टक्के वर-खाली होतो. म्हणजे एका अर्ध्या सुराचा सातवा भाग, सेकंदाला सव्वा वेळा. पाश्चात्त्य पियानोवर हे लगेच खटकतं. आपल्याकडे आलापात? त्याला आंदोलन समजून दाद देणारे निघतील! ओळखायची खूण अशी की पेटीचा सूरही त्याच तालात हलतो. गायक हलवेल, पेटी कशी हलेल? मग तबकडी स्पिंडलवर किंचित सरकवून, टोनआर्मचं डुलणं थांबेपर्यंत बसवत राहायचं.

चारपैकी तीन रेकॉर्डी आता नीट वाजतात. चौथीचं लेबल अर्धं उडालंय, त्यामुळे गाणाऱ्या बाईंचं नाव नाही, फक्त आतल्या कोऱ्या पट्टीतला कोरलेला नंबर दिसतो. तीच सगळ्यात जास्त झिजलेली आहे, म्हणजे जवळा बाजारला तीच सगळ्यात जास्त वाजलेली असणार. जाड सुईवर, उजव्या भिंतीतून, पहिलं दीड मिनिट स्वच्छ येतं. पुढे तार सप्तकात गेलं की फाटतं. या आठवड्यात मधल्या मापाची एक कापलेली सुई मागवली आहे.