मालकाचें मत आणि मागाचा धोटा

कारखानदार मजुरी वेळेवर देतो, माल चोख काढतो. मग नागरिकांच्या समान हक्कांविषयीं त्याचें खाजगी मत काय, याची उठाठेव इतरांनीं कां करावी, असें पुष्कळ शहाणीं माणसें विचारतात. प्रश्न वरवर रास्त दिसतो. परंतु आमच्याकडील गिरण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे तो इतका सोपा राहत नाहीं.

भंडारा जिल्ह्यांतील करडी-मोहाडीच्या टापूंत हातमागाचा धंदा जुना. नागपूर-भंडाऱ्याकडे कोष्टी तलम वस्त्रें विणीत. शेतकऱ्याच्या अंगावरचें जाडेंभरडें कापड महार विणीत. 1877 सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली, आणि गिरणीच्या स्वस्त कापडापुढें हें जाडें विणकाम हळूहळू बसलें. ज्याचा माग बसला त्यास गिरणीवांचून गति उरली नाहीं. पण दैवाची थट्टा अशी कीं, इकडे ज्या जातीनें पिढ्यान्‌पिढ्या माग चालविला, त्याच जातीच्या मनुष्यास मुंबईच्या गिरण्यांत विणकामखात्याचें दार बंद होतें! कमी मजुरीच्या कांतणखात्यांत त्यानें खुशाल राबावें. कारण सांगत तें असें: सुताचें टोंक धोट्याच्या भोकांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा दुसरा विणकर तोंडास कसा लावील?

1928 सालच्या मुंबईंतील मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणला. संपाच्या पुढाऱ्यांनीं नाखुषीनेंच तो आपल्या मागण्यांत घातला. त्यावर, हा अन्याय असलाच तर त्यास आपण जबाबदार नाहीं, असें मालकांनीं सांगितलें. यांत तथ्य नव्हतें असें नाहीं; विटाळाचा हट्ट स्पृश्य मजुरांचाच होता. पण मजूरभरतीचें काम जॉबराच्या हातीं दिलें कोणीं? मजुरीच्या दरांत मजुराचें न ऐकणारे मालक या एका बाबींत मात्र त्याच्या मताचे मोठे भक्त निघाले! त्यांपैकीं कित्येकांचीं खाजगी मतें उदारहि असतील. तीं मागापर्यंत पोंचलीं नाहींत, आणि मजुराच्या दृष्टीनें नसल्यासारखींच होतीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें मत पोंचलें. औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर 1910 सालीं त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. तेथें अस्पृश्यतेस त्यांनीं थारा दिला नाहीं. शिक्षा भोगून आलेल्या कैद्यांस पहारेकरी नेमण्याइतकी त्यांची छाती होती. तेथें मालकाचें मत हाच कायदा होता. आम्हांस त्याचें कौतुक वाटतें व धास्तीहि वाटते. कारण शेजारच्या कारखान्यांत लक्ष्मणराव नसले, तर तेथील मजुरानें काय करावें?

1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानें व्यवसाय, धंदा व व्यापार यांतील आडकाठी गुन्हा ठरविली. कोणत्याहि कामावरील नोकरीचा स्पष्ट उल्लेख त्या कलमांत 1976 सालीं घातला गेला. मुंबईच्या त्या संपास तोंवर अठ्ठेचाळीस वर्षें लोटलीं होतीं.