हेतू चांगला, म्हणून न्याय झाला का? जेराल्ड गॉल्टचा खटला

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकन राज्यघटनेतल्या दोन दुरुस्त्या पाहिल्या: १७९१ ची पाचवी आणि १८६८ ची चौदावी. पाचवी केंद्र सरकारला बांधते, चौदावी राज्यांना. दोन्हींत तोच शब्दप्रयोग आहे, 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ', म्हणजे कायद्याची उचित प्रक्रिया. ती पार पाडल्याशिवाय सरकारला कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येत नाही. आता 'उचित' म्हणजे नेमकं काय? याची यादी घटनेत नाही. ती खटल्याखटल्यातून तयार होत गेली. आज त्यातला एकच खटला घेऊ या.

८ जून १९६४, सोमवार. अॅरिझोना राज्य. शेजारच्या एका बाईंनी तक्रार केली की आपल्याला फोन करून कोणी पोरं अश्लील बोलली. शेरीफने पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला आणि त्याच्या मित्राला सकाळीच उचललं. आई-वडील दोघंही कामावर होते. घरी ना चिठ्ठी, ना निरोप. संध्याकाळी आई घरी आली तेव्हा मुलगा नाही. शोधाशोध केल्यावर कळलं, तो कोठडीत आहे.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये सुनावणी झाली. तक्रारदार बाई हजर नव्हत्या. कोणाला शपथ दिली नाही, कोणी काही लिहून घेतलं नाही, वकीलही नव्हता. आरोपाचा कागद कुटुंबाला दाखवलासुद्धा नाही. १५ जूनला पुन्हा सुनावणी. आईने विचारलं, त्या बाईंना बोलवा ना, दोघांपैकी कोण बोललं ते तरी कळेल. न्यायाधीश म्हणाले, गरज नाही. आणि निकाल काय? जेराल्डची रवानगी राज्याच्या सुधारगृहात, वयाची २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत. हिशेब करा, जवळजवळ सहा वर्षं! हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर ५ ते ५० डॉलर दंड, नाहीतर जास्तीत जास्त दोन महिने कैद.

आता तुम्ही म्हणाल, न्यायाधीश दुष्ट होते का? तसं नाही, आणि खरी मेख इथेच आहे. अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय १८९९ साली शिकागोत सुरू झालं ते दयाबुद्धीने. लहान मुलाला गुन्हेगार म्हणून उभं करायचं नाही, न्यायाधीशाने वडिलांसारखं समजून घ्यायचं, ही कल्पना. मग वडिलांसमोर वकील कशाला? उलटतपासणी कशाला? अशा रीतीने मुलाच्या भल्यासाठी म्हणून एकेक संरक्षण बाजूला पडत गेलं.

अॅरिझोनात अशा निकालावर अपीलच नव्हतं. म्हणून पालकांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तिथे खुद्द न्यायाधीशांनाच साक्ष द्यावी लागली. त्यांच्या आठवणीप्रमाणे जेराल्डने काही वाक्यं बोलल्याचं कबूल केलं होतं. आईच्या आठवणीप्रमाणे, आपण फक्त नंबर फिरवला आणि फोन मित्राला दिला, एवढंच तो म्हणाला होता. खरं काय? कागदच नाही, तर ठरवणार कसं? एका मुलाची सहा वर्षं लोकांच्या आठवणींवर टांगली होती.

१५ मे १९६७ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती एब फोर्टास यांचं. सुधारगृह म्हणा नाहीतर शाळा म्हणा, मुलाचं स्वातंत्र्य जात असेल तर चौदावी दुरुस्ती लागू होते. म्हणून चार गोष्टी हव्यात: आरोपाची वेळेवर लेखी नोटीस, वकील, आणि ऐपत नसेल तर सरकारने दिलेला, साक्षीदाराला समोर आणून उलटतपासणी, आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क. सुनावणीची लेखी नोंद आणि अपील यांवर मात्र कोर्टाने निर्णय दिला नाही.

न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी विरोधी मत दिलं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बालन्यायालयाला फौजदारी कोर्टाचं रूप दिलंत तर आपण मागे जाऊ, असं त्यांचं म्हणणं. एकोणिसाव्या शतकात न्यू जर्सीमध्ये बारा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवून त्याला फाशी दिली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. ही भीती पुढे कोर्टानेही पूर्ण झटकली नाही. १९७० साली मुलांच्या खटल्यातही गुन्हा निःसंशय सिद्ध व्हायला हवा असं ठरलं. पण १९७१ साली, ज्युरी मात्र घटनेने बंधनकारक नाही, असं सांगितलं.

तर यातून लक्षात काय ठेवायचं? ड्यू प्रोसेस न्यायाधीशाचं मन तपासत नाही. तो विचारतो: आरोप सांगितलात का? बाजू मांडू दिलीत का? आरोप करणारा समोर आला का? चांगल्या न्यायाधीशाला हे प्रश्न जड जात नाहीत. आणि न्यायाधीश चुकला, तर मुलाच्या हातात तेवढंच असतं.