उचल, कोयता आणि साखर : वेठबिगारीचा कायदा नेमका काय सांगतो?

दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली गावे रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम या जोडीला हंगामाआधीच एकरकमी 'उचल' देतो. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात टनाच्या दराने ऊस तोडून ती फेडायची असते. खाडा झाला की दंड, मग तो पाळीमुळे का झालेला असेना. हंगाम संपूनही बाकी निघाली, तर ती पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

कारखान्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते : कामगार आमचा नाही, मुकादमाचा आहे. पण उचलीचा पैसा निघतो कुठून? बहुतेक वेळा कारखान्यातूनच, वाहतूकदाराच्या करारावरून मुकादमाकडे. पुढे हीच साखर शीतपेये आणि बिस्किटांत जाते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टच्या शोधवृत्तात महाराष्ट्रातली साखर घेणाऱ्या कोका-कोला आणि पेप्सिको यांची नावे आली. सेबीच्या नियमानुसार मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना आता दरवर्षी सक्तीच्या मजुरीबद्दलही माहिती द्यावी लागते. आमच्या मते या तपासण्यांची खोट एकच आहे : त्या कारखान्याच्या फाटकाशी थांबतात, फडापर्यंत येत नाहीत.

कायदा मात्र फडापर्यंत पोहोचतो. महार वतनातल्या राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली, आणि ही मनाई खासगी मालकालाही लागू आहे. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

१९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आणखी स्पष्ट आहे. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे माणसाला दुसरीकडे काम करता येत नसेल, हवे तिथे जाता येत नसेल किंवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, तर ती वेठबिगारी. कलम ६ प्रमाणे ते कर्जच संपते. कलम ९ प्रमाणे संपलेल्या कर्जाची वसुली हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ ने सावकारावर टाकली आहे, मजुरावर नाही. एका कार्यालयात आम्हाला विचारले होते, "यांना कुठे बांधून ठेवलंय?" उचलीला दोरी लागत नाही, हे अजून समजावून सांगावे लागते.

मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(ज)ही लागते. इंग्रजी प्रतीत ते ३(१)(एच) आहे, तक्रार लिहिताना गोंधळ नको. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण ठाण्यात जाताना जातीचा दाखला सोबत असू द्या.

तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. उचलीची तारीख व रक्कम, मुकादमाचे नाव, कारखाना, गाडीचा क्रमांक, वजनाच्या पावत्यांचे फोटो, खाड्याचे दिवस हे सगळे त्यात हवे. वही नसेल तर मोबाईलवरचे संदेशही चालतात. चौकशीनंतर मुक्तता प्रमाणपत्र मागायचेच, कारण पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते.

आणि एक गोष्ट आपले कार्यकर्ते सहसा पाहत नाहीत. कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. तिच्यात जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या तीन रहिवाशांना आणि दोन सामाजिक कार्यकर्त्यांना जागा आहे. आपल्या जिल्ह्यात या पाच जागांवर कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, एवढे दोन प्रश्न माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.