ज्वारीची वैरण नेमकी कधी कापायची? १९०२ सालच्या शोधाची गोष्ट



कोवळी ज्वारी जनावराला घालायची नाही, हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. पोंगे खाल्ले की किराळ लागते, हे गुरं राखणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण का लागते? त्याचं उत्तर मिळालं ते इजिप्तच्या ज्वारीतून.

तिकडं ज्वारीला धुर्रा म्हणतात. कोवळा धुर्रा खाऊन तिथंही जनावरं मरायची. लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमधले विंडहॅम डन्स्टन आणि थॉमस हेन्री या दोघा रसायनतज्ज्ञांनी त्याचा छडा लावला आणि १९०२ साली तो छापला. कोवळ्या ज्वारीत त्यांना एक ग्लुकोसाइड सापडलं. धुर्रावरून त्याला नाव दिलं धुरीन. पान चावलं, चिरडलं की पानातलंच एन्झाइम धुरीन फोडतं आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि जनावर बघता बघता आडवं होतं.

याच जोडीनं त्याआधी तिकडच्याच एका रानटी द्विदल वनस्पतीचा अभ्यास केला होता. बी पिकल्यावर अरब लोक ती जनावरांना चारायचे. बी धरायच्या आधी मात्र तीच वनस्पती घोड्या-शेळ्यांना मारायची. म्हणजे वैरण तीच, फरक फक्त वेळेचा.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या बापजाद्यांनी ज्वारी केली ती दाण्यासाठी. मालदांडी काय किंवा दुसरी कुठली, कापणी ठरायची कणसावर. कडबा मागनं यायचा. त्यामुळं पीक साधलं तर विषाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न यायचा पाऊस ओढला की. करपलेल्या, खुरटलेल्या ज्वारीत धुरीन वाढतं, आणि नेमकी त्याच वेळी दावण रिकामी असते.

१९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली, पुढं संकरित गाई गावोगाव आल्या. दुधाला हिरवी वैरण लागू लागली. रुचिरा, फुले अमृता असे चाऱ्याचे वाण आले. तेव्हा कुठं कापणीची वेळ दाण्यापासून सुटली आणि आपल्या हातात आली.

म्हणून मी दोन्ही टोकं सांगतो. लवकर कापली तर विष. उशीर केला तर सत्त्व जातं. साधारण निम्मं शेत फुलोऱ्यात असताना हिरव्या ज्वारीत कोरड्या वजनावर सात-आठ टक्के प्रथिनं मिळतात. धाट जून होत जातं तसा तंतू नि लिग्निन वाढतं, पचन घटतं, आणि कडब्यात तीन-चार टक्केच प्रथिनं उरतात. ती कमी भरून काढायला पेंड विकत घ्यावी लागते. जुन्या नियमानं जनावर वाचवलं, पण पेंडीचा खर्च वाचवायचा तर फुलोरा गाठायलाच हवा.

एक धोका मात्र नव्यानं आलाय. कापलेल्या ज्वारीचे फुटवे पुन्हा कोवळेच असतात. बहुकापणीचा वाण असला तरी फुटव्याला पुरेसे दिवस द्या. युरिया जास्त पडला असेल, पाण्याचा ताण बसला असेल, तर आणखी थांबा. कापून उन्हात चांगली वाळवली की आम्ल बरंचसं उडून जातं, पण युरियानं साठलेलं नायट्रेट वाळवून जात नाही, हे ध्यानात ठेवा. आणि जनावर धापा टाकू लागलं, थरथरू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेटची शिरेतली इंजेक्शनं पशुवैद्यकानंच द्यायची असतात, आणि ती मिनिटांची लढाई असते.

तुमच्या भागात किराळीला काय म्हणतात आणि वैरणीची ज्वारी कितव्या दिवशी कापता, ते खाली लिहा.